लपलेले कीटक शोधायचे असतील तर आधी झाड ओळखा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पावसाळ्यातल्या एका जंगलफेरीत सोबतच्या माणसाने बोट दाखवून काडीकिडा दाखवला, तरी आपल्याला तो बराच वेळ दिसला नाही, आणि एकदा दिसल्यावरही नजर जराशी हलताच पुन्हा हरवला, तेव्हा हे काम उपजत तीक्ष्ण नजरेचे आहे की शिकता येण्यासारखे आहे, आणि शिकता येत असेल तर सुरुवात कोठून करावी? माझे उत्तर असे की, हे निश्चितपणे शिकता येते आणि चष्म्याच्या नंबराचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. मात्र ते शिकण्यासाठी ‘कीटक शोधण्याची’ सवय बरीचशी सोडावी लागते. ज्याला झाडाचे नेहमीचे रूप नीट ठाऊक आहे, त्याला त्या झाडावर लपलेला कीटक दिसतो. आणि जो एका वेळी एकाच प्रकारच्या कीटकाच्या मागे लागतो, त्याला तो इतरांपेक्षा लवकर दिसतो. पुढे मी जे काही सांगणार आहे, ते या दोनच गोष्टींचे स्पष्टीकरण आहे.

आधी हे समजून घेतले पाहिजे की आपल्याला कीटक न दिसण्याची कारणे दोन आहेत आणि ती अगदी वेगळी आहेत. सालीवर पंख सपाट पसरून बसलेला पतंग आपल्याला खरोखरच दिसत नाही, कारण त्याचा रंग आणि त्यावरच्या रेघा सालीत मिसळून जातात आणि त्याची बाह्यरेषा तुटते. काडीकिड्याचे तसे नसते. तो आपल्याला दिसतो, पुष्कळदा अगदी स्पष्ट दिसतो, पण आपण त्याची नोंद ‘काडी’ अशी करून पुढे जातो. 2010 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोंबडीच्या पिल्लांपुढे काटकीसारख्या दिसणाऱ्या अळ्या ठेवल्या होत्या. ज्या पिल्लांनी आधी खऱ्या काटक्या पाहिल्या होत्या, त्यांनी अळीवर चोच मारायला जास्त वेळ लावला, आणि ज्यांनी काटक्या पाहिल्याच नव्हत्या, त्यांनी ती लवकर टिपली. म्हणजे अळी पिल्लांना दिसत होतीच. अनुभवामुळे तिची ओळख चुकत होती. माणसाचेही असेच होते. म्हणून पहिल्या प्रकारच्या कीटकासाठी प्रकाश, सावली आणि कडा पाहण्याचा सराव लागतो, तर दुसऱ्या प्रकारच्या कीटकासाठी ज्याचे सोंग घेतले आहे ती वस्तू, म्हणजे खरी काडी, खरे पान, खरा काटा, बारकाईने माहीत असावा लागतो.

एका वेळी एकच कीटक शोधा, असे मी म्हणतो त्यालाही आधार आहे. ल्यूक टिनबर्गन या डच पक्षीशास्त्रज्ञाने पाइनच्या वनांतील पक्षी कोणत्या अळ्या कधी खातात याचा अभ्यास केला होता. त्याचे 1960 मध्ये प्रसिद्ध झालेले अनुमान असे होते की, एखादी अळी वारंवार मिळू लागली की पक्ष्याच्या मनात तिची एक ‘शोधप्रतिमा’ तयार होते आणि मग तीच अळी त्याला भराभर दिसू लागते. पुढे 1979 मध्ये पिट्रेविच आणि कामिल या संशोधकांनी अमेरिकेतील ब्लू जे पक्ष्यांना सालीवर बसलेल्या पतंगांची छायाचित्रे दाखवून हे तपासले. लागोपाठ एकाच जातीचे पतंग दाखवले तेव्हा पक्ष्यांची नजर सुधारत गेली; दोन जाती मिसळून दाखवल्या तेव्हा ती सुधारणा दिसली नाही. नवशिका माणूस जंगलात शिरल्यावर ‘काहीतरी दिसेल’ म्हणून सगळीकडे पाहत चालतो, आणि नेमके हेच त्याच्या आड येते. आजचा दिवस फक्त करवंदाच्या जाळीवरच्या काडीकिड्यांचा, किंवा आजची संध्याकाळ फक्त सालीवरच्या पतंगांची, असे ठरवून निघावे. नंतर इतर कीटक आपोआप दिसू लागतात. पण सुरुवातीला लोभ आवरावाच लागतो.

सुरुवात जंगलात न करता घराशी करावी, असा माझा आग्रह आहे. कढीपत्त्याचे किंवा लिंबाचे एखादे झाड बहुतेकांच्या अंगणात, गच्चीवर किंवा शेजाऱ्याकडे असतेच. त्यावर कॉमन मॉर्मन आणि लाइम या फुलपाखरांच्या माद्या कोवळ्या पानांवर एकेक अंडे घालतात. अंड्यातून निघालेली अळी लहान असताना काळपट-तपकिरी असते आणि तिच्या अंगावर पांढरे डाग असतात, त्यामुळे ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. आणि पक्ष्याची विष्ठा जेथे पडेल तेथेच, म्हणजे पानाच्या वरच्या बाजूला, उघड्यावर, ती निर्धास्त बसते. शेवटची कात टाकल्यावर मात्र ती हिरवी होते. आता पांढऱ्या-काळ्या ठिपक्याचे सोंग संपलेले असते, त्यामुळे ती पानांच्या आणि देठांच्या हिरव्या रंगात मिसळून जाते. ज्याने कालपर्यंत विष्ठेसारखी अळी पाहिली होती, त्याला आज वाटते की पक्ष्याने ती खाल्ली. पुष्कळदा ती वीतभर अंतरावरच असते. पुढे तिचा कोषही आजूबाजूच्या परिस्थितीनुसार हिरवा किंवा तपकिरी होतो. एकाच जिवाचे इतके वेगवेगळे लपणे एकाच कुंडीत पाहायला मिळते आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागत नाही, म्हणून या झाडाइतका चांगला पहिला धडा मला दुसरा माहीत नाही.

त्यानंतर आंब्याकडे वळावे. आंब्याच्या पानावर बॅरन या फुलपाखराची अळी असते, आणि लपण्याची कला किती पूर्णत्वाला जाऊ शकते हे पाहायचे असेल तर तिच्यासमोर थोडा वेळ उभे राहावे. अळी हिरवी असते. पाठीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक फिकट पिवळसर रेघ गेलेली असते. दोन्ही बाजूंना पिसांसारखे, पुन्हा फाटे फुटलेले लांब काटे असतात आणि ते पानावर सपाट टेकवून ती बसते. बसते ती नेमकी मध्यशिरेवर, म्हणजे पानाची शीर आणि पाठीवरची रेघ एकाच ओळीत येतात. बाजूचे काटे पानावर टेकलेले असल्यामुळे अंगाची कड कोठे संपते ते कळत नाही आणि अंगाखाली सावलीही पडत नाही. मग ती ओळखायची कशी? तर पान पाठ असल्याने. आंब्याच्या पानात मध्यशिरेपासून निघणाऱ्या उपशिरा ठरावीक अंतराने, तिरप्या, टोकाकडे झुकलेल्या असतात. अळी बसलेल्या जागी त्या मध्यशिरेपर्यंत पोहोचण्याआधीच अदृश्य होतात. आंब्याचे जून पान तकतकीत असते. अळीच्या जागी ती तकाकी मंदावते. पान किंचित तिरपे धरून आकाशाचा उजेड त्यावर घेतला की हा फरक चटकन जाणवतो. हे दोन्ही फरक अळीचे नाहीत, पानाचे आहेत, हे लक्षात घ्यावे. अळीचे चित्र डोक्यात घेऊन आंब्याखाली तासभर उभे राहण्यापेक्षा आंब्याची शंभर पाने नीट न्याहाळलेली अधिक उपयोगी पडतात.

झाड पाठ असण्याचा सर्वांत मोठा फायदा काडीच्या सोंगाबाबत होतो. खरी डहाळी कोठूनही फुटत नाही. ती पेरावर, पानाच्या बेचक्यातून फुटते, आणि तिच्या खाली पान नसले तरी गळून गेलेल्या पानाचा वण राहिलेला असतो. उंट अळी मागच्या पायांनी फांदीला घट्ट धरून अंग तिरके ताठ उभे करते, तेव्हा तिचा कोन, रंग आणि खडबडीतपणा डहाळीशी तंतोतंत जुळतो. पण ती जेथून ‘फुटलेली’ दिसते तेथे पेर असेलच असे नाही आणि वण तर बहुधा नसतोच. जिला बेचका नाही अशी काटकी दिसली की थांबावे. पुष्कळदा अळीच्या तोंडापासून फांदीपर्यंत गेलेला रेशमाचा एक बारीक धागाही दिसतो. तासन् तास तिरके राहण्याचा ताण त्याच्यामुळे हलका होतो.

काडीकिड्याचे पुढचे दोन पाय दिवसा डोक्यापुढे सरळ जोडून धरलेले असतात आणि त्या पायांना मुळाशी डोके बसेल असा बाक असतो. त्यामुळे डोके, मिशा आणि पाय मिळून एकच लांब काडी तयार होते. येथे वाऱ्याकडे लक्ष द्यावे. झुळूक आली की काडीकिडा झाडाबरोबर डुलतो, परंतु त्याचे डुलणे पानांच्या लयीशी पूर्ण जुळत नाही, आणि झुळूक थांबल्यावर तो क्षणभर अधिक डुलत राहतो. वारा पडण्याच्या त्या क्षणी झुडपाकडे एकटक न पाहता सैल नजरेने पाहावे. नजरेच्या कडेला हालचाल जास्त लवकर जाणवते. टक लावून पाहिल्यास ती निसटते.

काट्यांच्या बाबतीत मुंग्या मदत करतात. बाभळीच्या फांदीवर ऑक्सीरेकिस नावाचे शिंगांचे लहान कीटक रांगेने बसलेले असतात आणि ते काट्यासारखे किंवा सालीच्या गाठीसारखे दिसतात. ते झाडाचा रस शोषतात आणि गोड द्रव बाहेर टाकतात. तो घेण्यासाठी मुंग्या त्यांच्याभोवती सतत घोटाळत असतात. फांदीवरून मुंग्यांची वर्दळ चाललेली असून ती एखाद्या गाठीपाशी थबकत असेल, तर ती गाठ भिंगातून पाहावी.

अळ्या शोधताना अळीआधी तिच्या खुणा शोधाव्यात. खाल्लेल्या पानाची कड ताजी असेल तर हिरवी आणि ओलसर दिसते, जुनी असेल तर तपकिरी आणि सुकलेली असते. ताजी कड दिसली तरच थांबण्यात अर्थ आहे. खालच्या पानावर पडलेल्या विष्ठेच्या गोळ्याही तशाच: ओलसर आणि गडद असतील तर वर पाहावे, कारण मालकीण फार दूर नसते. येथे मध्यशीर तेवढी शिल्लक ठेवून खाल्लेली पाने विशेष पाहण्यासारखी असतात. भुतकेसाच्या झुडपावर कमांडर फुलपाखराची लहान अळी पानाचे पाते खाऊन मध्यशीर मागे ठेवते, तिच्या टोकाला स्वतःच्या विष्ठेचे कण रेशमाने चिकटवून ती लांबवते आणि त्या विष्ठेच्या दांडीवर जाऊन बसते. जवळच पानाचे सुकलेले तुकडेही रेशमाने लटकत ठेवलेले असतात. कॉमन सेलरची अळीही पान अर्धवट कुरतडून ते कोमेजू देते आणि त्या कोमेजलेल्या, तपकिरी तुकड्यांमध्ये बसते. म्हणजे हिरव्यागार फांदीवर एकाच पानाचा टोकाकडचा भाग विनाकारण सुकलेला दिसला, तर ते कारण शोधण्यासारखे असते. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या काही जातींच्या अळ्या तर पाठीवर कचरा वाहून नेतात. चालणारा कचरा दिसला की भ्रम समजून सोडून देऊ नये.

आता प्रकाशाविषयी. पुष्कळ अळ्यांची उजेडाकडची बाजू गडद आणि सावलीकडची बाजू फिकट असते. वरून पडणारा उजेड गडद बाजू उजळवतो, खालची सावली फिकट बाजू झाकोळते, आणि गोल शरीर सपाट पानासारखे दिसू लागते. फांदीला उलटी लटकणारी अळी असेल तर हेच उलट असते, पोट गडद आणि पाठ फिकट. या युक्तीचा भंग करण्याचा उपाय साधा आहे: उजेडाची दिशा बदलणे. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात ही फसवणूक सर्वांत यशस्वी होते, म्हणून सकाळी लवकर किंवा सायंकाळी, ऊन तिरपे असताना पाहावे, आणि एकाच झुडपाकडे निदान दोन बाजूंनी पाहावे. सालीवरच्या पतंगांसाठी खोडाला जवळजवळ समांतर नजर लावावी; समोरून न दिसणारी जाडी कडेवरून दिसते. सालीच्या भेगा बहुतेक झाडांवर उभ्या असतात, आणि पुष्कळ पतंग खोडावर उतरल्यावर थोडे फिरून पंखांवरच्या रेघा त्या भेगांशी जुळतील असे बसतात. तरीही एक गोष्ट त्यांना लपवता येत नाही, ती म्हणजे दोन्ही पंखांचे सारखेपण. झाडाच्या सालीत, सुकलेल्या पानांत किंवा दगडफुलात डावी-उजवी बाजू अशी हुबेहूब जुळत नाही. सममिती दिसली की तेथे जीव आहे असे समजून पुढे पाहावे; माझ्या मते नवशिक्याने लावून घेण्यासारखी ही सर्वांत फलदायी सवय आहे.

खंडोबाचा घोडा, म्हणजे मॅन्टिस, शोधताना आधी जागा ठरवावी, कारण प्रत्येक जातीने आपापली पार्श्वभूमी निवडलेली असते. हम्बर्टिएला हा सालीवरचा, चपटा आणि राखी असतो. तो खोडाला चिकटून राहतो आणि आपण जवळ गेलो की झटकन खोडाच्या मागच्या बाजूला पळतो, म्हणून अशा खोडाकडे दोघांनी दोन बाजूंनी जावे. शिझोसेफाला हा गवताच्या पात्याइतका लांब आणि बारीक असतो. तो गवतातच शोधावा. व्हायोलिन मॅन्टिस कोरड्या, काटेरी माळरानावरच्या झुडपांत सुकलेल्या पानांचे आणि काटक्यांचे रूप घेऊन लटकतो.

उडून पुन्हा नाहीसे होणाऱ्या कीटकांचे तंत्र वेगळे आहे. सह्याद्रीतले ब्लू ओकलीफ फुलपाखरू उडते तेव्हा पंखांची निळी वरची बाजू चमकते. बसून पंख मिटले की उरते फक्त वाळलेले पान, देठासह आणि मध्यशिरेसह. पाहणाऱ्याची नजर निळ्या रंगाला बांधली गेलेली असते, म्हणून समोर बसलेले फुलपाखरूही सापडत नाही. कातळसड्यावरचे नाकतोडे हेच करतात; उडताना मागच्या पंखांचा रंग दिसतो आणि उतरताच ते जांभ्याच्या रंगात मिसळतात. उपाय असा की, उडताना दिसलेला रंग मनातून काढून टाकावा, उतरण्याच्या जागेजवळची एखादी ठळक खूण, दगड वा गवताचा झुपका, पक्की करावी, तिच्यावरून नजर न हलवता हळूहळू जवळ जावे आणि आता पानाचा किंवा खड्याचा आकार शोधावा. ओकलीफ हे पिकून पडलेल्या फळांवर आणि झाडाच्या पाझरणाऱ्या रसावर येते, त्यामुळे अशी जागा सापडली तर तेथे शांत थांबणे हे मागे धावण्यापेक्षा कधीही चांगले.

मात्र खरी कमाई रात्री होते. मायावरण, म्हणजे परिसरात मिसळून लपवणारे रूप, हे मुख्यतः डोळ्यांनी शिकार करणाऱ्या, दिवसा फिरणाऱ्या पक्ष्यांसाठी असते. अंधार पडल्यावर काडीकिडे आणि पुष्कळ अळ्या खाण्यासाठी बाहेर येतात, पाय मोकळे करून चालू लागतात आणि दिवसभराचे सोंग गळून पडते. विजेरी डोळ्यांच्या जवळ, नजरेच्या रेषेत धरावी आणि झुडपावरून सावकाश फिरवावी. पार्श्वभूमी काळी असल्याने उजेडात आलेला प्रत्येक पाय सुटा दिसतो. 365 नॅनोमीटरची अतिनील विजेरी मिळाली तर अनेक अळ्या त्या प्रकाशात फिकट हिरव्या-निळसर उजळतात, तर पाने गडद राहतात. तो प्रकाश स्वतःच्या वा इतरांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि अळीवरही गरजेपेक्षा जास्त वेळ धरू नये. रात्री पाहिलेल्या जागेची खूण करून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेथेच तोच काडीकिडा शोधावा. तो जवळपास आहे हे माहीत असताना शोधणे हा शोधप्रतिमा पक्की करण्याचा मला माहीत असलेला सर्वांत वेगवान मार्ग आहे.

ऋतूचा विचार करता, आपल्याकडे पावसाची पहिली पालवी फुटल्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. जूनच्या अखेरीपासून अळ्या मिळू लागतात; सप्टेंबर-ऑक्टोबरात मॅन्टिस आणि नाकतोडे पूर्ण वाढलेले असल्याने दिसायला सोपे जातात. उन्हाळ्यात कीटक कमी असतात, पण पानगळीच्या जंगलात साल आणि वाळलेली पाने यांची सोंगे तेव्हाच उत्तम पाहता येतात.

सुरक्षिततेबाबत दोन शब्द आवश्यक आहेत. जी नजर हिरव्यात हिरवे शोधते, तिला कधीतरी चापडा हा हिरवा विषारी सापही सापडणार, आणि पालापाचोळ्यात घोणस किंवा फुरसे सापडणार. म्हणून झुडपात आधी नजर आणि उजेड जावा, हात कधीही आधी जाऊ नये, आणि रात्री गमबूट असावेत. पानाच्या रंगात मिसळून गेलेल्या काही अळ्यांना दाहक काटे असतात. 2022 च्या पावसाळ्यात शेतकऱ्यांमध्ये ‘घोणस अळी’ म्हणून जिची भीती पसरली होती, ती अशाच दाहक काट्यांच्या, स्लग अळ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटातली. तिच्या काट्यांच्या स्पर्शाने तीव्र वेदना होतात, पण ती अंगावर चाल करून येत नाही. न पाहता पान चुरगळले तरच त्रास होतो. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात रात्री परवानगीशिवाय जाता येत नाही आणि तेथून अळी किंवा कोष उचलून आणता येत नाही. रात्रीचा सराव गावाच्या कडेची झुडपे, स्वतःचे शेत किंवा सोसायटीची बाग येथे करावा, आणि तेथेही मालकाला विचारून.

सापडलेल्या कीटकाला छायाचित्रासाठी दुसऱ्या पानावर हलवू नये. तो ज्या पानावर आहे, ती पार्श्वभूमी त्याने निवडलेली असते आणि हलवल्यावर तो पक्ष्यांना उघडा पडतो. शिवाय आपल्याही नोंदीचे मोल जाते. वहीत कीटकाच्या नावापेक्षा पुढील गोष्टी आधी लिहाव्यात: झाड कोणते, जमिनीपासून उंची किती, पानाची वरची बाजू की खालची, डोके कोणत्या दिशेला, वेळ कोणती, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नजर सर्वप्रथम कशावर अडली, सावलीवर, सममितीवर, ताज्या कडेवर, की चुकीच्या जागी फुटलेल्या काटकीवर. नाव नंतरही मिळते. फुलपाखरांच्या अळ्यांसाठी ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ अन्नवनस्पतींसह माहिती देते आणि इतर कीटकांसाठी ‘आयनॅचरलिस्ट’वर छायाचित्र टाकता येते. नजर कशावर अडली ही नोंद मात्र त्याच जागी, त्याच क्षणी केली नाही तर घरी पोहोचेपर्यंत पुसली जाते, आणि पुढच्या वेळी कोणत्या खुणेकडे पाहायचे हे आपल्याला त्याच नोंदीवरून कळणार असते.